फिनलंडची भूपाळी

आला बाई तो वास. परत आला.

जपानात, हिगाशी-कसाईला माझ्या मुलाच्या, निखिलच्या, बिल्डिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गिंकोची झाडं आहेत. दिसायला इतकी देखणी की लोक लांबून फोटो काढायला येतात. पण दिवाळीच्या सुमारास त्यांची पिवळी फळं खाली पडतात, चेंगरतात, आणि मग काय विचारता! शिळं लोणी, तान्ह्या मुलाची ओकारी आणि भिजून तसेच राहिलेले मोजे एका खलबत्त्यात कुटले तर जे होईल, तसला वास. चपलेला चिकटून घरात येतो. यंदा पहिल्याच संध्याकाळी मी दारात चप्पल काढली आणि सून म्हणाली, "आई, गिन्नानवर पाय दिलात वाटतं." गिन्नान म्हणजे त्या फळातली बी. इथले लोक हातमोजे घालून ती वेचतात, धुतात, भाजून मीठ लावून खातात. मीही खाल्ली आहे. चव चांगली असते. म्हणून वासाला सुवास म्हणणं काही मला जमत नाही.

मी दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर इथे येते आणि थंडी हाडांत शिरायला लागली की सांगलीला परत जाते. माझ्या वाट्याचं जपान म्हणजे हा एवढाच ऋतू. ती चेरीची फुलं मी फोनवरच बघितली. सांगलीच्या बायका विचारतात, जपान कसं हो? मी सांगते, स्वच्छ आहे, शांत आहे, आणि घाण वास येतो. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय.

यंदा वास आला त्याच्या दुसऱ्या दिवशी केळुसकरांचा फोन आला. केळुसकर म्हणजे इथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मुंबईच्या कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीने पाठवलेले आणि आता इथेच मुरलेले. "काकू, वेलकम बॅक! सानिकाला सांगा हं, यंदा पण तीच भूपाळी पाहिजे. लोक विचारतायत." मी फोन सुनेच्या हातात दिला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खालून वास येतच होता. पण मला मळमळलं ते त्या वासाने नव्हे.

ती भूपाळी नव्हती हो. ते फिनलंडचं गाणं होतं. आणि केळुसकरांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

गेल्या वर्षीचा हाच ऋतू. सानिका माझी नात, तेव्हा चौदाची होत होती. जन्म इथलाच. जपानी फाडफाड, इंग्रजी बरं, आणि मराठी अशी की चेलो 'ती', गाणं 'तो', आणि आज्जी कधी 'तू' तर कधी एकदम 'आपण'. वॉर्डातल्या मुलांचा एक वाद्यवृंद आहे, त्यात ती चेलो वाजवते. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरायचा. तिला पहिल्यांदा तशी बसलेली बघितली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, ही तर म्हशीची धार काढायला बसलीय!" निखिल हसून हसून खाली बसला. सानिकाला धार काढणं म्हणजे काय ते फोनवर दाखवावं लागलं. मग तीही हसली, आणि तेव्हापासून रियाजाला बसताना म्हणायची, "आज्जी, मी दूध काढते."

दोन खोल्यांचं घर. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून चेलोच्या टोकाखाली माझी सतरंजी चौपदरी घालायची. ती वाजवायची आणि मी शेजारी मेथी निवडत बसायची. शिकलेली मी काही नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं ऐकून नि वाचून. पण माझे वडील नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचे, त्यामुळे कानाला मात्र शाळा सुटली नाही कधी. तर ही पोरगी एकच सूर पुन्हा पुन्हा घोटत होती. गंधारावरून रिषभाला नुसता हात लावायचा, वर मध्यमावर जाऊन ठाण मांडून बसायचं, आणि तिथून घाई न करता खाली यायचं. इतकंच. लहान मुलाला म्हणता येईल इतकं सोपं. पण माझा मेथीचा हात थांबला. काही सूर असे असतात, बघा, की ते ऐकताना आपण पाठ ताठ करून बसतो आणि आपल्याला कळतही नाही.

"कुणाचं गं हे?"

"फिनलंडचा."

"म्हणजे तिकडच्या कुणी रचलेलं?"

"हो. पण तसं नाही, आज्जी. मोरी-सेन्सेई म्हणतात, हा फिनलंडचाच आहे."

मोरी-सेन्सेई म्हणजे तिच्या वाद्यवृंदाच्या शिक्षिका. माझ्याच वयाच्या, काटकुळ्या. एकदा चहाला आल्या. त्यांना मराठी नाही, मला जपानी नाही. मध्ये सानिका बसली आणि दोन्हीकडचं इकडून तिकडे वाहत राहिली. त्यांनी सांगितलं ते असं. फिनलंड इवलासा देश, जंगलं, तळी आणि बर्फ. डोक्यावर शेजारच्या बलाढ्य रशियाच्या बादशहाचं राज्य. वर्तमानपत्रं बंद पाडलेली, बोलायची चोरी. तेव्हा तिकडच्या एका संगीतकाराने हे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलं. आधी पितळी वाद्यं गुरगुरतात, मग धुमश्चक्री, आणि मग सगळं निवळून हा सूर येतो. शब्द एकही नाही. शब्द पकडता येतात, सूर कसा पकडणार? तरीसुद्धा नावाची भीती होती. म्हणून कार्यक्रमाच्या कागदावर भलतीच निरुपद्रवी नावं छापायचे. लोक तिकीट काढून यायचे. नाव दुसरं, पण आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक.

सानिकाने विचारलं, "शब्द नाहीत, नाव पण नाही, मग पोलिसांना कळायचं कसं?"

सेन्सेईंनी कप फिरवून ठेवला. मग म्हणाल्या, "लोक ज्या तऱ्हेने बसून ऐकायचे, त्यावरून."

मला वडिलांची आठवण झाली. त्यांचे गुरुजी सांगायचे ते वडील आम्हाला सांगायचे. इंग्रजांच्या काळात पुराणातली नाटकं लावायची. राक्षस रंगमंचावर मुकुट घालून गर्जायचा, आणि थिएटरातल्या पोराटोरांना कळायचं की ह्या मुकुटाखाली टोपी साहेबाची आहे. पहिल्या रांगेत फौजदार बसलेला असायचा. तो देखील गाण्याला मान डोलवायचा म्हणे! मी हे सेन्सेईंना सांगितलं. सानिकाने जपानीत केलं. सेन्सेईंनी टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला. इथली माणसं सहसा कुणाला हात लावत नाहीत, म्हणून ते लक्षात राहिलंय.

तो सूर काही त्यांच्या खेड्यापाड्यातला, आजीपणजीकडून आलेला नाही, हेही त्यांनीच सांगितलं. एका माणसाने बसून रचला. मला आधी हे जरा खटकलं. माझी समजूत अशी की देशाचं गाणं म्हणजे मातीतून उगवायला हवं. मग वाटलं, नाही. रचणारा एकटाच असतो. पण संकटाच्या वेळी ज्याला धरून लोक उभे राहतात ते त्यांचं होतं. त्यांचं राष्ट्रगीत दुसरंच आहे म्हणे, आणि डोळे ह्याला भरतात. सूर कुणाच्या मातीतला आहे हे विचारूच नये. त्याच्यासाठी कुणी काय सोसलं ते विचारावं.

त्याच दिवसांत मी पहाटे देवापुढे भूपाळी म्हणत होते आणि सानिका डोळे चोळत आली.

"आज्जी, काय म्हणतेस?"

"भूपाळी. देवाला उठवायचं गाणं."

"देव आपोआप उठत नाही?"

"नाही गं. त्यालाही हाक मारायला कुणीतरी लागतं."

ती जरा विचार करून म्हणाली, "मग माझा तो गाणं पण भूपाळी आहे. फिनलंडचा. देशाला उठवायचा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इथे वाढलेल्या मुलीने आपला एक शब्द उचलला, आणि अचूक ठिकाणी नेऊन ठेवला. मी जेवताना निखिलला, सुनेला, सगळ्यांना सांगितलं. सून, मधुरा, भारावलीच. आता वाटतं, तो शब्द तेवढ्या टेबलावरच राहता तर बरं झालं असतं.

कारण त्या रविवारी केळुसकर आले. मंडळाची दरवर्षी 'दिवाळी पहाट' असते. हॉल दुपारी स्वस्त मिळतो म्हणून आमची दिवाळी पहाट दुपारी दोनला होते. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मधुराने चकल्या पुढे ठेवल्या आणि सांगितलं की सानिका आणि तिच्या वाद्यवृंदातली तिघं मिळून काहीतरी वाजवतील. दोन व्हायोलिन, एक त्याहून जरा मोठं, आणि हिचा चेलो.

"वा! काय वाजवणार?" केळुसकरांनी चकली मोडली.

"फिनलंडचा एक आहे," सानिका म्हणाली, आणि तिला जमेल तसं बिचारीने सगळं सांगितलं. बादशहा, बर्फ, नावं बदलणं. सांगताना ती खुर्चीच्या कडेवर आली होती.

केळुसकर ऐकत होते. चकली संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मस्तच गं. पण काय आहे, आपली थीम आहे 'आपली माती, आपले सूर'. त्यात फिनलंड कुठे बसवू? आणि रशियाबिशिया म्हणजे उगाच पॉलिटिकल. पाहुणे येणार आहेत. एखादं आपलं बसव ना. गणपतीचं वगैरे."

"तीन आठवड्यांत नवीन नाही होणार," सानिका म्हणाली.

तेवढ्यात मधुरा हसत हसत म्हणाली, "अहो, ती त्याला भूपाळी म्हणते. आईंनी शिकवलंय."

"भूपाळी!" केळुसकरांनी टाळीच वाजवली. "मग झालं की! भूपाळी, वाद्यसंगीत. पहाटेच्या कार्यक्रमाला भूपाळी. प्रॉब्लेमच सुटला."

"पण ते उसो आहे," सानिका म्हणाली. उसो म्हणजे खोटं.

"उसो नाही गं," मधुरा म्हणाली, "ॲडजस्टमेंट."

सानिकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "केळुसकर, खाली फिनलंड एवढं तरी लिहा." "बघू काकू, जागा झाली तर," असं म्हणून ते चपला घालायला उठले. मधुराचा मला राग आला नाही. तिला पोरगी आपल्या माणसांसमोर दिसायला हवी होती. ऑफिसात मधुरा-सान, मधुरा-सान करून दमून येते बिचारी. एक दुपार तिला मधुराताई व्हायचं असतं. पण केळुसकरांच्या त्या टाळीने माझ्या अंगावर काटा आला, तो शहारा नव्हता, शिसारी होती.

फुनाबोरीला हॉल. आम्ही बसने गेलो. आत शिरताच वास. होय, आपलाही वास असतोच की! दुसऱ्यांदा तळलेल्या बटाटेवड्याचा, त्यावर मारलेल्या गुलाबी रूम-फ्रेशनरचा. बॅटरीवरच्या पणत्या लुकलुकत होत्या. कोपऱ्यात इथल्या रीतीप्रमाणे कचऱ्याचे तीन डबे, जळणारा, न जळणारा, बाटल्यांचा. तिन्हींवर चित्रं काढलेली. आणि तिन्हींत श्रीखंडाच्या अर्ध्या वाट्या! हॉलचा जपानी रखवालदार डब्यात वाकून बघत होता. रागावला नव्हता. नुसता बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारही मुलांना फेटे बांधले होते. सानिकासोबतची तिघं जपानी. व्हायोलिनवाल्या मुलाचा फेटा डोळ्यावर घसरत होता आणि त्याला वाटत होतं की तो सावरणं म्हणजे अपमान. सानिकाला नथ. चेलो वाजवताना मान डावीकडे झुकते, तशी नथ गालात रुतायची. "काढू का?" ती कुजबुजली. फोटो काढणारी बाई म्हणाली, "अगं राहू दे, किती गोड दिसतेस! एकदम पेशवीण!"

कागदावर छापलं होतं: 'भूपाळी (वाद्य)'. जागा भरपूर होती. खाली एका मसाल्याच्या दुकानाची जाहिरात होती.

त्यांनी सुरू केलं तेव्हा निवेदिका अजून बोलतच होती. लोक वड्याच्या प्लेट घेऊन रांगांत शिरत होते. माझ्यामागे कुणीतरी ऑफिसच्या फोनवर "डिप्लॉयमेंट मंडेला ढकल ना" म्हणत होतं. पुढच्या बाईने फोन वर धरलेला. मी नात बघत होते ती तिच्या पडद्यावर, बोटाएवढी. एक मूल वेफर्सचं पाकीट फोडत होतं. आणि त्या सगळ्या चिखलात तो सूर आला. रिषभाला हात लावून मध्यमावर जाऊन बसला. मी म्हणते, त्या बादशहाचे पोलीस परवडले. ते निदान कान देऊन ऐकायचे!

पण संपताना काय झालं कोण जाणे, जरा शांत झालं. सूर चांगला होता हो, दुसरं काय? आणि केळुसकर रुमालाने डोळे पुसत रंगमंचावर चढले.

"मित्रांनो," ते म्हणाले, "आज परदेशात, आपल्या मातीचा वास आला." टाळ्या. "हा राग कुठला, ओळखलात? भूप! भूपाळी म्हणजे राग भूप! हे रक्तात असावं लागतं. हे शिकवून येत नाही."

आता ह्याला काय म्हणायचं? भूपात मध्यम नसतोच. आणि हा अख्खा सूर मध्यमावर बसलेला. बरं, भूप रात्रीचा राग. भूपाळी गायची पहाटे, कार्यक्रम दुपारी, आणि राग रात्रीचा! नाव सारखं म्हणून दोन्ही एक. चूक म्हणाल तर चूक, पण ही चूक करायला मराठीच माणूस लागतो. दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

रक्तात असावं लागतं म्हणे! वाजवणाऱ्या चौघांतली तिघं जपानी, सूर फिनलंडचा.

मग त्यांनी माईक सानिकापुढे धरला. "सांग बेटा, ही कुठली भूपाळी? आज्जीने शिकवली ना?"

ती उभी होती. नथीने गालावर लाल वळ उठला होता. तिने माईककडे बघितलं आणि म्हणाली, "फिनलंडची."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग केळुसकर मोठ्याने हसले. "बघा! आजची पिढी! सेन्स ऑफ ह्यूमर बघा!" सगळा हॉल हसला. माईक परत त्यांच्या हातात. पुढचा नंबर लावणीचा होता.

फुनाबोरीहून घरापर्यंत ती बसमध्ये मांडीवर फेटा घेऊन बसली होती. उतरताना म्हणाली, "आज्जी, तिकडे त्यांनी नाव का लपवलं?"

"बादशहाच्या भीतीने."

"मग आपण?"

त्या लोकांनी परक्यांच्या भीतीने नाव लपवलं, आणि जरा सैल झाल्याबरोबर खरं नाव लावलं. आपल्यावर कुणाची सक्ती होती? आपल्याच माणसांना आवडावं म्हणून लपवायला लागलं. ह्याची मला अजून किळस येते.

पुढे मंडळाने व्हिडिओ टाकला. शीर्षक काय तर 'पारंपरिक मराठी भूपाळी, जपानमध्ये!' हजार जणांनी हृदयं पाठवली. मग तो मोरी-सेन्सेईंपर्यंत पोचला. व्हायोलिनवाल्या मुलाच्या आईने मोठ्या कौतुकाने पाठवला होता. फोन शीर्षकाचं आपोआप जपानीत भाषांतर करून देतो ना हल्ली. पुढच्या तालमीला सेन्सेई त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर पोरगी रडून मोकळी झाली असती. त्या नुसतं म्हणाल्या, "चला, सुरुवातीपासून." इथे न बोलणं हे फार मोठं बोलणं असतं. सानिकाने घरी येऊन केळुसकरांना स्वतः मराठीत मेसेज लिहिला: 'काका, प्लीज नाव बदला. हे फिनलंडचा आहे. माझी सेन्सेईला वाटते मी चोरले.' मला दाखवला. मी व्याकरण सुधारलं नाही. जसा होता तसा जाऊ दिला. उत्तरात अंगठा आला. नाव तसंच राहिलं.

चौदा वर्षांच्या मुलीला चोर म्हणवून घ्यायला लागणं म्हणजे काय, हे त्या अंगठ्याला कळलं नाही.

म्हणून यंदा तो फोन आला तेव्हा मी बाल्कनीत निघून गेले. दोन दिवसांनी केळुसकर घरी आले. यंदा सानिका उंच झालीय, आवाजही बदललाय. तिने त्यांना चहा आणून दिला आणि समोर बसली.

"काका, मी वाजवीन. पण नाव खरं छापायचं. आणि आधी मी दोन मिनिटं सांगणार."

"अगं पण भूपाळी म्हणून ते हिट झालंय! ब्रँड झालाय तो." मग माझ्याकडे वळून, "काकू, समजवा ना. हवं तर 'फिनलंड-प्रेरित भूपाळी' लिहू."

"समजावण्यासारखं काही नाही त्यात," मी म्हटलं. "तिला कळलंय, तुम्हाला कळायचं राहिलंय."

"नाही, काका," सानिका म्हणाली. 'नाही' हा शब्द इथली मुलं सहसा म्हणत नाहीत, जपानीत त्याला शंभर आडवळणं आहेत. तिने तो मराठीतून सरळ वापरला.

"राहिलं तर मग," केळुसकर म्हणाले. हसत होते. ते हसणं मला आवडलं नाही.

तरी आम्ही गेलो. मधुराने शंभर अनारसे करायचं कबूल केलं होतं, आणि शब्द दिला म्हणजे दिला. दुपारी दोनची पहाट. सानिका माझ्या शेजारी, साध्या स्वेटरमध्ये. दोन नाच झाले, एक कविता झाली, आणि मग दिवे मालवले. पडदा खाली आला. त्याच्यावर अक्षरं: 'रसिकांच्या आग्रहास्तव, भूपाळी. सादरकर्ती: सानिका.'

आणि गेल्या वर्षीची सानिका पडद्यावर चेलो घेऊन बसली. फेटा, नथ, सगळं. हिला विचारलं नव्हतं. हिची गरजच नव्हती!

माझ्या शेजारची सानिका दगड झाली होती. तो सूर आला. ह्या खेपेला लोक खरोखर शांत होते. पडद्यावरचं असलं की माणसं गप्प बसतात. सूर संपला. पडद्यावर केळुसकर डोळे पुसत आले, मातीचा वास, भूप, रक्तात असावं लागतं, सगळं साग्रसंगीत. माईक पुढे झाला. पडद्यावरच्या सानिकाने तोंड उघडलं. आणि तिथेच कापलं होतं. उघड्या तोंडावर चित्र थांबलं, वर फुलं पडायला लागली आणि 'शुभ दीपावली'.

टाळ्यांचा कडकडाट. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्समोअर!" वन्समोअर! माझ्या वडिलांनी ज्या शब्दासाठी आयुष्य काढलं तो शब्द, एका कापलेल्या पोरीला! खरं सांगते, मला तोंडाला पदर लावावा लागला.

शेजारची खुर्ची वाजली. सानिका उभी राहिली होती. अंधारात, माईक नाही, काही नाही.

"फिनलंडचं," ती म्हणाली. नुसतं मोठ्याने. ओरडली नाही. "ते फिनलंडचं आहे. तुम्ही माझा शब्द कापला."

ह्या वेळी 'गाणं'ला 'ते' म्हणाली, हे मला त्याही गडबडीत ऐकू आलं.

कुणी हसलं नाही. माना वळल्या, पुन्हा पुढे झाल्या. कुणीतरी म्हणालं, "कोण आहे?" कुणीतरी म्हणालं, "शू!" आणि तिकडे वन्समोअरची मागणी मान्य होऊन व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला. ती खाली बसेना. मी गुडघ्यावर हात रेटून उठले आणि तिच्याशेजारी उभी राहिले. तिकडून मधुरा उठली. हातात अनारशांचा रिकामा डबा होता, तो तसाच धरून.

मागून एक मुलगा, अगदी अदबीने, माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "आज्जी, बसून घ्या ना. मागच्यांना सानिका दिसत नाहीये."

आम्ही तिघी उभ्याच राहिलो.